डोंगरी भागातील अंगणासाठी बहावा

सातपुड्यातील मोलगी, काठी, डाब, वालंबा या परिसरात शेतकऱ्याचे घर बहुधा त्याच्या शेतातच असते. एकमेकांना लागून घरे बांधण्याची सपाटीवरील पद्धत इकडे कमी. पाड्यातली घरे टेकड्यांवर विखुरलेली, म्हणून प्रत्येकाला मोकळे अंगण मिळते. या अंगणाच्या कडेला मोह, आंबा, सीताफळ, एखादी चारोळी असतेच. ही पोटाला आधार देणारी झाडे आहेत आणि त्यांची जागा दुसऱ्या कशाला देण्याचे कारण नाही. परंतु नवे घर बांधल्यावर दारासमोर, किंवा शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या आवारात, निव्वळ पाहून बरे वाटावे असे एखादे लहान झाड असावे, ही इच्छाही रास्तच आहे.

असे झाड म्हटले की हल्ली अनेकांच्या डोळ्यांसमोर मेपल येते. कॅलेंडरवर, चित्रपटात, अलीकडे मोबाइलवर लालभडक पंजासारख्या पानांचे हे झाड सर्वांनी पाहिलेले असते. त्यातच डाबच्या पठारावर स्ट्रॉबेरी होऊ लागल्यापासून, 'थंड मुलखातले फळ येथे येते, मग थंड मुलखातले झाड का येणार नाही?' असा प्रश्न ओघाने येतो. प्रश्न चुकीचा नाही. त्याचे उत्तर मात्र नकारार्थी आहे, आणि ते तसे का आहे हे नीट समजून घेतले म्हणजे आपल्या अंगणात काय लावावे हेही कळते.

मेपल येथे का येत नाही

मेपल हे एकच झाड नसून त्याच्या शंभराहून अधिक जाती आहेत. बागेत शोभेसाठी लावतात ती जपानी मेपल पंधरा-वीस फुटांची, बुटकी व पसरट असते. आपल्या देशात मेपलच्या काही जाती हिमालयात, म्हणजे काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड, सिक्कीम या भागांत जंगलात आढळतात. काश्मीरचा प्रसिद्ध चिनार मात्र मेपल नव्हे. त्याचे पान तसेच कातरलेले असल्याने गल्लत होते, पण त्याचे कुळ वेगळे आहे.

मेपलची पाने लाल होतात ती पानगळीच्या आधी. दिवस लहान होऊ लागले आणि रात्री गार पडल्या की पानातील हिरवे द्रव्य मोडू लागते. पानात साठलेल्या साखरेपासून त्याच वेळी लाल रंगद्रव्य तयार होते आणि झाड पेटल्यासारखे दिसते. त्यानंतर पाने गळून झाड झोपी जाते. ही झोप मोडण्यासाठी त्याच्या डोळ्यांना कित्येक आठवड्यांची सलग थंडी मिळावी लागते. ती मिळाली नाही तर वसंतात डोळे अर्धवट फुटतात, काही फुटतच नाहीत आणि झाड वर्षागणिक खंगत जाते.

डाब, वालंबा भागात थंडीच्या लाटेत दवबिंदू गोठतात, हे आपण जाणतोच. परंतु त्या मोजक्या रात्री असतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी अंगातला सदरा काढावा असे ऊन पडते. मेपलला ही थंडी पुरत नाही. त्याहून मोठी अडचण पुढे आहे. स्ट्रॉबेरीची रोपे पावसाळा ओसरल्यावर लावतात, हिवाळाभर फळ घेतात आणि ऊन तापू लागले की पीक संपते. स्ट्रॉबेरीला आपला मे महिना पाहावाच लागत नाही. झाडाला तो दरवर्षी पाहावा लागतो. मेपलची मुळे वरच्या थरात पसरणारी, पान पातळ. एप्रिल-मेच्या कोरड्या वाऱ्यात त्याच्या पानांच्या कडा करपतात आणि मुळांचा थर तापून वाळतो. शहरातील हौशी माणूस कुंडीत, सावलीत, रोज पाणी देऊन एखादे रोप काही काळ जगवील. जेथे जानेवारीनंतर झरे आटू लागतात आणि हंडा डोक्यावर घेऊन चढण चढावी लागते, तेथे शोभेच्या झाडासाठी घरच्या बाईला रोज एक हंडा जास्त आणायला लावणे शहाणपणाचे नाही.

म्हणून मोलगी परिसरातील अंगणाला झाड निवडताना आमच्या मते चार गोष्टी पाहाव्यात. झाड पंचवीस-तीस फुटांपलीकडे वाढू नये. दोन उन्हाळे निघाल्यावर त्याला पाणी लागू नये. शेळ्यांनी त्याचा फडशा पाडू नये. आणि चौथी गोष्ट सर्वात महत्त्वाची. या भागातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला व इतर मजुरीला गुजरातेत किंवा राज्याच्या अन्य भागांत जातात व होळीच्या सुमारास परत येतात. घराला कडी लावून गेल्यावरही जे तग धरील तेच झाड येथे उपयोगाचे. या चारही कसोट्यांना उतरणारे झाड आपल्याच रानात उभे आहे. ते म्हणजे बहावा.

बहाव्याची ओळख

बहाव्याला हिंदीत अमलतास, तर आपल्या शेजारच्या गुजरातेत गरमाळो म्हणतात. आयुर्वेदात याचे नाव आरग्वध. एप्रिलपासून जूनपर्यंत याला हात-दीड हात लांबीचे पिवळेधमक घोस लोंबतात, तेव्हा झाडावर पान जवळपास नसतेच किंवा नुकती तांबूस पालवी फुटत असते. पळसाचा बहर होळीबरोबर सरतो आणि रान उघडे पडते, त्या ओसाड दिवसांत बहावा फुलतो. केरळमध्ये विषूच्या सणाला याच फुलांना मान असतो व ते त्या राज्याचे राज्यपुष्प आहे. थायलंडने तर ते राष्ट्रीय पुष्प ठरविले आहे. आपल्याकडे मात्र रानात आहे म्हणून त्याची किंमत नाही, आणि रोपवाटिकेतून पैसे मोजून आणलेल्या परदेशी झाडाला कुंपण होते.

झाड साधारण वीस ते तीस फूट वाढते, मुरमाड जमिनीत त्याहून कमी. हिमालयाच्या पायथ्याच्या टेकड्यांवरही ते सुमारे १२०० मीटर उंचीपर्यंत आढळते, तेव्हा सातपुड्याच्या उंचीची त्याला अडचण नाही. पाणी साचणारी जागा सोडून कोणतीही जमीन चालते. सोटमूळ खोल जाते. शेळ्या व गुरे याचा पाला सहसा खात नाहीत. चराऊ रानात जेथे कोवळी झाडे टिकत नाहीत तेथेही बहावा टिकून राहतो, त्याचे एक कारण हेच आहे. लाकूड कठीण व टिकाऊ असते आणि अवजारांच्या दांड्यांना चालते. सालीचा उपयोग पूर्वीपासून कातडी कमावण्यासाठी होत आला आहे. पण अंगणातील झाडाची साल कोणी काढू लागल्यास त्याला वेळीच थांबवावे.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. ऐन उन्हाळ्यात पाने नसल्याने बहाव्याची सावली विरळ असते. दुपारी खाट टाकायला कडुनिंब किंवा आंबाच हवा. बहाव्याच्या फुलांत मध नसतो, परागच असतात. मोठे काळे भुंगे फुलाला बिलगून अंग थरथरवतात आणि पराग सांडून घेतात. मधपेट्या ठेवणाऱ्यांनी या झाडावर फार भिस्त ठेवू नये. तसेच हे झाड शेंगा धरणारे, द्विदल कुळातील असले तरी त्याच्या मुळांवर नत्र धरणाऱ्या गाठी येत नाहीत. 'शेंगेचे झाड आहे, त्याला खत कशाला' असे समजून खड्डा रिकामा ठेवणे ही चूक होय.

बहावा फुलल्यावर ठराविक दिवसांनी पाऊस येतो, असा एक समज आहे. झाड उष्णतेच्या वाढीबरोबर फुलते आणि उन्हाळ्यानंतर पाऊस येतोच, इतपत तो खरा मानावा. भगरीची पेरणी त्यावर ठरवू नये.

रोप विकत घेताना कासोद बहावा म्हणून गळ्यात पडण्याचा संभव असतो. कासोदही पिवळाच फुलतो, पण त्याचे तुरे वर उभे असतात आणि पर्णिका लहान व पुष्कळ असतात. बहाव्याच्या एका पानाला मोठ्या, रुंद पर्णिकांच्या चार ते आठ जोड्या असतात. एवढी खूण लक्षात ठेवली तर फसगत होणार नाही.

बियाचे कवच

'बहाव्याचे बी उगवत नाही' अशी तक्रार नेहमी ऐकू येते. झाडाखाली दरवर्षी शेंगा पडतात आणि एकही रोप दिसत नाही, हे निरीक्षणही बरोबर आहे. बी मेलेले नसते. त्याचे कवच इतके घट्ट असते की आत पाणी शिरत नाही. रानात माकडे, कोल्हे, अस्वले, डुकरे शेंगेतील गोड गर खातात. बी त्यांच्या पोटातून जाऊन दूर पडते, कवच थोडे झिजते आणि मग ते उगवते. हे काम आपल्याला हाताने करावयाचे आहे.

डिसेंबरपासून मार्चपर्यंत शेंगा काळ्या होऊन वाळतात. चांगल्या वाढीच्या, भरपूर फुलणाऱ्या झाडाच्या लांब, जड शेंगा निवडाव्यात. ज्या शेंगेवर बारीक गोल भोके असतील ती टाकून द्यावी, कारण तिच्यातील बी भुंगेऱ्याने पोखरलेले असते. शेंग हलवल्यावर खुळखुळली तर ती पूर्ण पक्व आहे असे समजावे. शेंगेच्या आत चकत्यांसारखे आडवे पडदे असतात आणि दर दोन पडद्यांमध्ये काळ्या चिकट गरात एक चपटे, तपकिरी, चकचकीत बी असते. एका शेंगेत चाळीस ते शंभर बिया सहज निघतात. शेंगा फोडून रात्रभर पाण्यात भिजवाव्यात, सकाळी चोळून गर धुवावा व बी सावलीत सुकवावे. हे पाणी टाकून न देता एखाद्या झाडाच्या आळ्यात ओतावे.

बी थोडे असेल तर सर्वात खात्रीचा उपाय म्हणजे कवचाला खाच पाडणे. बियाच्या टोकाला जेथे नाळेची बारीक खूण दिसते, त्याच्या विरुद्ध बाजूला खडबडीत दगडावर किंवा पॉलिश पेपरवर घासावे. आतला फिकट भाग जेमतेम दिसला की थांबावे. नखे कापण्याच्या यंत्रानेही हे काम चांगले होते. नंतर बी रात्रभर साध्या पाण्यात ठेवावे. सकाळी ते फुगून दुप्पट दिसते.

बी जास्त असेल, म्हणजे शाळेसाठी किंवा गावासाठी रोपे करावयाची असतील, तर एवढ्या बिया घासत बसणे जमणार नाही. तेव्हा पाणी उकळावे, भांडे चुलीवरून खाली उतरवावे, त्यात बी सोडावे आणि ते पाणी तसेच गार होऊ देऊन बी चोवीस तास त्यातच ठेवावे. फुगलेले बी वेचून लगेच पेरावे. न फुगलेल्या बियाला पुन्हा एकदा हीच प्रक्रिया द्यावी. भांडे चुलीवर असतानाच बी टाकून शिजवत बसू नये. मोठ्या रोपवाटिकांत यासाठी तीव्र गंधकाम्ल वापरतात आणि त्याने उगवण चांगली होते. परंतु ते आम्ल कातडी जाळणारे आहे व त्यात पाणी पडल्यास उसळते. घरी, लेकरांच्या वावरात, त्याचा प्रयोग मुळीच करू नये.

असे बी आठ-दहा दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत उगवते.

रोप करावे की जागेवरच टोकावे

सपाटीवर, विहिरीचे पाणी असलेल्या शेतकऱ्याला आम्ही पिशवीतील वर्षाचे रोप लावण्यास सांगतो. त्यात जागा भरल्याची खात्री असते. मोलगी भागात मात्र हा सल्ला जसाच्या तसा लागू करणे योग्य वाटत नाही. पिशवीतील रोपाला पूर्ण एक उन्हाळा पाणी द्यावे लागते, आणि तोच उन्हाळा येथे सर्वात अवघड. शिवाय बहाव्याचे सोटमूळ पानांपेक्षा आधी वाढते. ते पिशवीच्या तळाला जाऊन गोल गुंडाळले जाते आणि असे रोप जमिनीत लावल्यावर वर्ष-दोन वर्षे जागचे हलत नाही. म्हणून ज्यांच्या घरी पाणी वाहून आणावे लागते, त्यांनी खड्डा आधी तयार ठेवून जूनमधील पहिल्या दोन चांगल्या पावसांनंतर प्रक्रिया केलेले बी जागेवरच टोकावे. एका खड्ड्यात वितीच्या अंतराने चार बिया, बोटाच्या एका पेराइतक्या खोल टोकाव्यात. ऑगस्टअखेर त्यांतील एकच जोमदार रोप ठेवून बाकीची काढावीत. काढलेली रोपे मुळासकट, मातीच्या गोळ्यासह निघाली तर शेजाऱ्याला देता येतात, पण ती सगळी जगतील अशी अपेक्षा धरू नये.

पिशवीतच करावयाची असतील तर पिशवी रुंद नको, उंच हवी. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांना तळाशी व बाजूंना भोके पाडून त्या वापरता येतात. दोन भाग माती, एक भाग बारीक चाळलेले, कुजलेले शेणखत भरावे व मार्चमध्ये घराच्या सावलीत, भांडी घासण्याच्या जागेजवळ पिशव्या मांडाव्यात. दर महिन्याला पिशवी उचलून जागा बदलावी, म्हणजे तळातून बाहेर आलेले मूळ जमिनीत शिरत नाही. ही वीतभर रोपे त्याच वर्षी जुलैत लावावीत. वर्षभर थांबू नये. सामाजिक वनीकरण विभागाच्या रोपवाटिकांत बहाव्याची रोपे मिळतात. ती घेताना उंच रोपाचा मोह टाळावा. पिशवीच्या बुडातून जाड मूळ बाहेर आलेले रोप घेऊ नये.

जागा व खड्डा

बहाव्याला पूर्ण ऊन लागते. मोहाच्या किंवा आंब्याच्या छायेत तो जगतो, उंच जातो, पण फुलत नाही. घराच्या भिंतीपासून दहा-बारा फूट अंतर ठेवावे. वाळलेल्या शेंगा जड असतात आणि कौलांवर पडल्या तर नुकसान होते. विजेच्या तारांखालीही लावू नये. शाळेच्या आवारात ओळीने लावावयाचा असल्यास दोन झाडांत पंधरा ते अठरा फूट अंतर पुरे.

खड्डा मे महिन्यातच खणावा, म्हणजे माती तापते व कीड मरते. दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा उत्तम. पण खाली कठीण मुरूम किंवा काळा पाषाण लागला तर दीड फुटावर थांबावे व पहारेने मध्यभागी खोल भोक पाडून ठेवावे. सोटमुळाला वाट मिळाली की पुरे. वरच्या थरातील माती वेगळी ठेवून तीत दोन घमेली चांगले कुजलेले शेणखत व ओंजळभर निंबोळी पेंड मिसळून खड्डा भरावा. अर्धकच्चे शेणखत घालू नये, त्याने वाळवी येते. वाळवीसाठी पूर्वी खड्ड्यात बीएचसी भुकटी टाकण्याची शिफारस असे. या भुकटीवर १९९७ पासून बंदी आहे. कोणाकडे जुना डबा राहिला असल्यास तो वापरू नये आणि धान्याजवळही ठेवू नये.

अंगण उतारावर असेल तर खड्ड्याच्या खालच्या बाजूला दगड-मातीचा अर्धचंद्राकृती बांध घालावा. या भागात पाऊस कमी पडतो असे नाही. तो उतारावरून धावत नर्मदेकडे किंवा तापीकडे निघून जातो. अर्धा हात उंचीचा हा बांध त्यातले थोडे पाणी रोपापाशी मुरवितो, आणि पुढच्या जानेवारीत रोप हिरवे राहते की नाही ते बरेचसे या बांधावर ठरते.

पहिले दोन उन्हाळे

बहावा जगवणे म्हणजे पहिले दोन उन्हाळे काढणे. त्यानंतर त्याला माणसाची फारशी गरज उरत नाही.

पाऊस थांबताच, सप्टेंबरअखेर, आळ्यातील गवत काढून माती हलवावी व लगेच आच्छादन करावे. आच्छादनासाठी सर्वत्र पालापाचोळा सांगितला जातो. डोंगरात आम्ही दगड सुचवितो. मार्च महिन्यात मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला पेटवतात, तो विस्तव वाऱ्याने पसरतो आणि पालापाचोळ्याचे आच्छादन असलेले रोप पहिल्यांदा जळते. पाल्यात वाळवीही येते. मुठीपासून नारळाएवढ्या आकाराचे दगड रोपाभोवती दोन फुटांच्या वर्तुळात एका थरात मांडावेत. खोडापासून चार बोटे जागा मोकळी सोडावी. दगडाखालची माती उन्हात ओल धरून ठेवते. दगड इकडे विकतही आणावे लागत नाहीत! वर्तुळाबाहेर आणखी हातभर जागा गवत खुरपून स्वच्छ ठेवावी, म्हणजे विस्तव रोपापर्यंत येत नाही.

पाण्यासाठी मडक्याची पद्धत चांगली. पाच-सहा लिटरचे साधे मडके घेऊन त्याच्या बुडाला बारीक भोक पाडावे व त्यात सुती चिंधीची वात घट्ट बसवावी. रोपापासून फूटभर अंतरावर ते गळ्यापर्यंत जमिनीत पुरून, तोंडावर चपटा दगड ठेवावा. मडके आठ दिवसांतून एकदा भरले तरी चालते. कुटुंब बाहेरगावी जाणार असेल तर जाण्याच्या आदल्या दिवशी आळे भरपूर भिजवून मडके भरावे आणि मागे राहणाऱ्या घरातील वडीलधाऱ्यांना किंवा शेजाऱ्यांना दहा-बारा दिवसांतून एकदा भरण्यास सांगून ठेवावे. रोज पाणी घालण्याची विनंती कोणी पाळत नाही. पंधरवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळेची पाळली जाते.

पाला शेळ्या खात नसल्या तरी पहिल्या वर्षी बोरीच्या काट्यांचे कुंपण करावे. शेळी तोंड लावून सोडून देते, पण तेवढ्यात शेंडा तुटतो. गुरे तुडवतात ती वेगळीच. डाब, वालंबा अशा कडाक्याच्या थंडीच्या ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत रात्री रोपावर वाळल्या गवताचे झोपडे उभे करावे. मोठ्या बहाव्याला थंडी बाधत नाही. कोवळ्या रोपाची पाने मात्र गोठलेल्या दवाने काळी पडतात.

येथे एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. होळीला घरी परतल्यावर रोपाची निव्वळ काडी राहिलेली दिसली तर ते मेले असे समजून उपटू नये. खोडाची साल नखाने हळूच खरवडावी. आत हिरवे दिसले तर रोप जिवंत आहे. हिरवे दिसले नाही तरी जुलै संपेपर्यंत वाट पाहावी. वरचा भाग वाळला तरी सोटमूळ जिवंत राहून पावसात बुडाशी नवा फुटवा येतो, हे या झाडात नेहमी घडते. पहिल्या वर्षी बहावा जमिनीवर वीतभर वाढतो आणि जमिनीखाली त्याच्या कितीतरी पट. फुटवे दोन-तीन आले तर सर्वात सरळ एक ठेवून बाकीचे कापावेत व त्याला बांबूच्या काठीचा आधार द्यावा, कारण बहाव्याचे खोड मुळातच वाकडे जाणारे असते.

पुढची निगा आणि फुलोरा

तिसऱ्या वर्षापासून पाणी बंद करावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी मिळत राहिलेले झाड पाने धरून बसते आणि फुले कमी देते. कोरडा ताण बसला की पाने गळून घोस चांगले येतात. या बाबतीत आपल्या डोंगराचा कोरडेपणा पथ्यावरच पडतो. दरवर्षी पावसाच्या सुरुवातीला एक-दोन घमेली शेणखत पुरे. युरियाची गरज नाही.

घोस मागील वर्षाच्या फांदीवर येतात. म्हणून हिवाळ्यात सरपणासाठी फांद्या तोडल्या की त्या वर्षीची फुले गेली. वाळक्या, एकमेकींत घुसलेल्या फांद्या फुलोरा संपल्यावर, पावसाच्या तोंडी काढाव्यात, त्याही मोजक्याच.

पावसाळ्यात कोवळ्या पानांवर हिरव्या अळ्या दिसतात. त्या फिकट पिवळ्या फुलपाखराच्या असतात. लहान रोप असेल तर वेचून टाकाव्यात, मोठ्या झाडाकडे दुर्लक्ष करावे. खाल्लेल्या जागी आठ-पंधरा दिवसांत नवी पाने येतात. फवारणीचा खर्च करू नये.

बियापासून वाढलेल्या झाडाला पहिली फुले येण्यास सहा-सात वर्षे, हलक्या जमिनीत त्याहूनही अधिक काळ लागतो. हा काळ मोठा वाटतो. पण मोहाचे झाड लावणारा माणूस याहून जास्त थांबतो.

शेंगेच्या गराबद्दल सावधगिरी बाळगावी. गर गोड लागतो व मुले तो चाखतात. त्याने जुलाब होतात, बिया तर मुळीच खाऊ नयेत. वैद्य या गराचा औषध म्हणून उपयोग करतात, तो त्यांच्यावरच सोपवावा. गरोदर स्त्रियांना व लहान मुलांना घरगुती उपाय म्हणून देऊ नये. शाळेच्या आवारातील झाडाच्या शेंगा वाळताच उतरवून घ्याव्यात.

ज्यांना पानाचीच हौस आहे

मेपलच्या कातरलेल्या पानाचेच ज्यांना आकर्षण असेल, त्यांनी कांचन लावून पाहावा. त्याचे पान मधोमध दुभागलेले, आपट्याच्या पानाचा मोठा भाऊ शोभेल असे असते. पुष्कळ जण दसऱ्याला त्याचीच पाने सोने म्हणून लुटतात. फुले जांभळी-गुलाबी, झाडही लहान. फक्त शेळ्यांना कांचन आणि आपटा दोन्हींचा पाला अतिशय आवडतो, तेव्हा झाड डोक्यावर जाईपर्यंत पक्के कुंपण लागेल.

आणि मेपलचा लाल रंगच हवा असेल तर फाल्गुन-चैत्रात रानातील कुसुमाच्या झाडाकडे पाहावे. मेपल पाने गळण्याआधी लाल होते, कुसुम पालवी फुटताना. कोवळ्या पानातले लाल द्रव्य उन्हापासून त्याचे रक्षण करते, पान निबर झाले की हिरवे होते. कुसुमाच्या बियांचे तेल निघते आणि त्याच्यावर वाढणारी कुसुमी लाख उत्तम समजली जाते. मात्र हे झाड मोठे होते. त्याची जागा अंगणात नाही, शेताच्या दूरच्या बांधावर आहे.

बहाव्याच्या एका शेंगेत सबंध पाड्याला पुरेल एवढे बी मिळते. पेरून उरलेले बी चुलीच्या चाळलेल्या राखेत घोळून, घट्ट झाकणाच्या डब्यात कोरड्या जागी ठेवावे. ते खराब होत नाही, आणि पहिल्या उन्हाळ्यात एखादे रोप खरोखरच गेले तर पुढच्या जूनमध्ये नांगी भरण्यासाठी हाताशी राहते.